गणिताची पदवी आणि पैशाच्या बाजारातली नोकरी



बारावीचा निकाल लागला की गावच्या शाळेत एक प्रसंग हटकून घडतो. गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवलेली एखादी मुलगी पेढे घेऊन गुरुजींच्या घरी येते. मागे वडील टोपी सारखी करीत उभे असतात. पूर्वी अशा वेळी प्रश्न ठरलेला असे, की डॉक्टर करावी की इंजिनियर. आता पोरगी विचारते, "सर, क्वांट व्हायचं असेल तर पदवी कोणती घेऊ?" गुरुजी क्षणभर गप्प बसतात. वडील त्याहून गप्प, कारण एका खासगी कॉलेजचे चकचकीत माहितीपत्रक त्यांच्या खिशात असते आणि त्यातला फीचा आकडा पाहून कोणते रान गहाण टाकावे लागेल, याचा हिशेब त्यांनी वाटेतच केलेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर तीन-चार वर्षे आणि कदाचित एखादा एकर जातो. म्हणून आज याच विषयाचा जरा सावकाश विचार करू.

पहिल्याने हा क्वांट कोण, ते पाहू. बँका, विमा कंपन्या आणि शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या पेढ्या यांच्याकडे जोखमीचा हिशेब करणारी माणसे असतात. उद्या काय होईल हे कुणालाच ठाऊक नाही. पण जे होईल त्याची किंमत आज काय धरावी, हे ठरवावे लागते. ते गणिताने ठरवणारा जो, तो क्वांट. तुम्ही म्हणाल, हा शहरी कारभार, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. असं बघा.

तुम्ही जमिनीचे व्यवहार पाहिले आहेत. घेणारा माणूस मालकाच्या हातावर इसार ठेवतो. ठरल्या मुदतीत ठरल्या भावाने जमीन घेण्याचा त्याला हक्क मिळतो. बेत फिसकटला तर इसार बुडतो. कायद्याचे बारकावे सोडून देऊ, ते वकिलांचे काम. पण मुद्दा एवढाच, की ठरल्या भावाने घेण्याचा हक्क हीदेखील एक विकत घेण्याची वस्तू आहे. शेअर बाजारात अशा हक्काला ऑप्शन म्हणतात. आता खरा प्रश्न येतो तो हा, की या हक्काची किंमत किती असावी?

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. समजा, आज भाव क्विंटलला ५,००० रुपये आहे. एका तेलगिरणीवाल्याला तीन महिन्यांनी एक क्विंटल माल याच ५,००० रुपयांनी घेण्याचा हक्क हवा आहे, आणि एक व्यापारी तो हक्क द्यायला तयार आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरू, की तीन महिन्यांनी भाव एक तर ५,६०० होईल, नाही तर ४,६००. तिसरी गोष्ट नाही. व्याज आणि गोदामभाडेही बाजूला ठेवू. भाव चढला तर गिरणीवाल्याचे ६०० रुपये वाचतात. उतरला तर तो या हक्काकडे फिरकणारसुद्धा नाही, बाजारातूनच घेईल. मग व्यापाऱ्याने आज किती रुपये मागावे?

बहुतेक जण म्हणतील, तेजी-मंदी सारखीच धरली तर सहाशे आणि शून्य यांची सरासरी, म्हणजे ३०० रुपये. हे उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर २४० रुपये. कसे ते पाहा.

व्यापारी गिरणीवाल्याकडून २४० रुपये घेतो, त्यात २,७६० रुपये उसने घालून ३,००० रुपये करतो, आणि त्याचे आजच साठ किलो सोयाबीन घेऊन ठेवतो. तीन महिन्यांनी भाव ५,६०० झाला, तर त्या साठ किलोचे ३,३६० रुपये येतात. गिरणीवाल्याला फरकाचे ६०० रुपये दिले, की उरतात २,७६०. उसने फिटले. उलट भाव ४,६०० झाला, तर गिरणीवाला येत नाही आणि साठ किलोचे येतात बरोबर २,७६०. उसने फिटले. भाव कुठेही जावो, व्यापारी रात्री स्वस्थ झोपतो. म्हणून २४०. त्याने ३०० घेतले, तर साठ रुपये कोणतीही जोखीम न घेता फुकट मिळाले. २४० पेक्षा कमी घेतले, तर कुणी हुशार माणूस हाच खेळ उलट्या बाजूने खेळून त्याच्याकडून पैसे काढील.

यात मौजेची गोष्ट ही, की तेजी होण्याची शक्यता किती, हे आपण कुणाला विचारलेच नाही! भविष्य वर्तवायचे नाही, तर ते कसेही उलटले तरी तोंड देता येईल अशी तयारी आज करायची आणि त्या तयारीला जो खर्च येईल तीच किंमत समजायची. या धंद्यातली ही मूळ कल्पना आहे. शिक्षक मंडळींनी हे उदाहरण दहावीच्या फळ्यावर जरूर मांडावे. आज किती क्विंटल घ्यायचे ते 'क्ष', आणि किती रुपये उसने घ्यायचे ते 'य'. भाव चढला तर ५,६०० क्ष वजा य बरोबर ६००. उतरला तर ४,६०० क्ष वजा य बरोबर शून्य. दोन चलांतील रेषीय समीकरणे, दुसरे काही नाही. क्ष येतो ०.६ आणि य येतो २,७६०. पोरांना एकदा कळले, की हीच समीकरणे मुंबईच्या बाजारात भाकरी देतात, तर ती जरा निराळ्या नजरेने फळ्याकडे बघतील.

हे दोन फांद्यांचे गणित १९७९ साली कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन या तिघांनी मांडले. पण खरा भाव काही दोनच जागी जात नाही. तो क्षणोक्षणी हलतो. एक फांदी फुटली, तिला दोन, त्यांना पुन्हा दोन, असे करीत फांद्या अगणित झाल्या आणि पावले अगदी बारीक झाली, म्हणजे मग चलन-कलनाची गरज लागते. ते काम आधी, १९७३ सालीच, फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी व त्यांच्याबरोबरच रॉबर्ट मर्टन यांनी केले होते. त्यांचे समीकरण पाहिले, तर तापलेल्या सळईतून उष्णता कशी पसरते त्याच्या समीकरणाचे ते सख्खे भावंड आहे. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, पॅरिसमध्ये लुई बाशेलिए नावाच्या तरुणाने १९०० साली रोख्यांच्या भावाच्या हेलकाव्यांवर प्रबंध लिहिला होता. पाण्यात थरथरणाऱ्या कणांचे आइनस्टाइनचे गणित त्यानंतर पाच वर्षांनी आले. १९४० नंतरच्या दशकात जपानच्या कियोशी इतो यांनी अशा वेड्यावाकड्या हालचालींचे कलनशास्त्रच रचले. त्या वेळी ते बाजाराच्या कामी येईल असे कुणाच्या स्वप्नातही नसेल.

आता पदवीकडे वळू, कारण पदवीचे उत्तर याच हकिकतीत दडलेले आहे. बारावीनंतर सरळ 'फायनान्स'चे नाव असलेली पदवी घ्यावी, की साध्या गणिताची? माझे मत स्पष्ट आहे. पहिली पदवी गणिताची किंवा संख्याशास्त्राची घ्यावी आणि तिच्या जोडीला संगणकाची भाषा शिकावी. फायनान्स मागाहून येते. गणित पक्के असलेला माणूस बाजाराची भाषा काही महिन्यांत शिकतो. बाजाराची भाषा शिकलेल्याला पंचविसाव्या वर्षी गणिताचा पाया घालणे फार जड जाते. बाजारातल्या वस्तूही बदलत राहतात. आपल्याकडे निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये आणि निर्देशांकाचे ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी पदवी घेतलेल्या मुलांच्या अभ्यासक्रमात ते असते कुठून? उलट सात शेतमालांचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने थांबवले, त्यात आपले सोयाबीन आणि हरभराही आले. जे सुरू होते ते थांबते, जे नव्हते ते निघते. इतोचे कलनशास्त्र मात्र तेच आहे.

गणिताच्या पदवीत पहिल्या वर्षी आपल्या मुलांना विशेष अडचण येत नाही. दुसऱ्या वर्षी 'रिअल अॅनालिसिस' नावाचा विषय येतो आणि तिथे भले भले अडखळतात. बारावीपर्यंत गणित म्हणजे रीत ओळखायची आणि आकडे भरायचे. इथे मात्र "हे असेच का?" याचे उत्तर द्यावे लागते, आणि पाठांतर कामाचे नाही. या विषयात नापास झालेले पोर खचते आणि म्हणते, मला गणित येतच नव्हते. तसे नसते. ती एक नवी भाषा असते. शिकायला सहा महिने लागतात. गुरुजींनी आठवी-नववीपासून "सिद्ध करा" या प्रश्नांना बगल दिली नाही, तर हा धक्का बराच हलका होईल. आणि हा विषय टाळण्यासारखा नाही, कारण संभाव्यतेचे पुढचे सारे गणित त्यावरच उभे आहे.

दुसरा विषय रेषीय बीजगणित. निफ्टीत पन्नास कंपन्या आहेत. त्यांतल्या प्रत्येक दोघींचे भाव एकमेकींच्या तालावर किती हलतात हे पाहायचे म्हटले, तर १,२२५ जोड्या होतात. एवढे आकडे एका चौकटीत मांडून हाताळायचे शास्त्र ते हे. तिसरा संभाव्यता आणि संख्याशास्त्र. याविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे.

एका गावात दहा शेतकरी आहेत. कुणाचेही पीक बुडण्याची शक्यता दहात एक, असे धरा. मग दहाही जणांचे पीक एकाच वर्षी बुडण्याची शक्यता किती? पुस्तकातल्या सूत्राने दहाचा दहा वेळा गुणाकार केला, तर हजार कोटींत एक येते. म्हणजे असे कधी घडणारच नाही म्हणायचे! पण तुम्हाआम्हाला ठाऊक आहे की असे घडते, आणि डोळ्यांदेखत घडते. दुष्काळ पडला की तो घर निवडून पडत नाही. सूत्र खोटे नाही. ते एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांसाठी आहे, आणि एकाच पावसावर जगणारी दहा रानं तशी नाहीत. हीच चूक अमेरिकेतल्या बड्या बड्या बँकांना भोवली. हजारो घरकर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे केले. एवढे कर्जदार एकाच वेळी थोडेच बुडणार, असा हिशेब केला. घरांच्या किमती देशभर एकदम उतरल्या आणि ते एकाच वेळी बुडाले. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी दिवाळखोरीत गेली. गणित करणारी माणसे तिथे कमी नव्हती. दहा वर्षे आधी, १९९८ मध्ये, अशीच एक गुंतवणूक पेढी कोसळली होती, आणि तिच्या भागीदारांत मर्टन आणि शोल्स हे दोघेही होते; त्यांना नोबेल पारितोषिक मिळून पुरते वर्षही झाले नव्हते.

म्हणून म्हणतो, संख्याशास्त्र शिकताना सूत्राआधी त्याच्या अटी वाचायची सवय लागली पाहिजे. पावसावर जगणाऱ्या घरातल्या मुलाला ही गोष्ट शहरातल्या मुलापेक्षा लवकर समजते, असा माझा समज आहे. निदान उदाहरण तरी शोधावे लागत नाही.

चौथी गोष्ट संगणकाची भाषा. पायथन ही भाषा फुकट मिळते, साध्या संगणकावर चालते, आणि तिच्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकता येत नाही. वरचे सोयाबीनचे उदाहरण दोनऐवजी हजार पावलांचे करून संगणकाकडून सोडवून घेणे, हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उत्तम धडा आहे.

शुद्ध गणित घ्यावे की उपयोजित, असाही वाद घालतात. जेम्स सायमन्स हे अमेरिकेतले नामांकित भूमितीतज्ज्ञ. स्टोनी ब्रुक विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. ती नोकरी सोडून त्यांनी बाजारात पेढी काढली आणि तिथे बाजारातल्या मुरब्ब्यांपेक्षा गणिती, भौतिकीचे पंडित आणि खगोलशास्त्रज्ञ कामावर घेतले. अफाट पैसा मिळवला. मे २०२४ मध्ये ते वारले. त्यांचे नाव सांगून मुलांना चेव आणणारे पुष्कळ भेटतात. पण एका सायमन्समागे किती जण बुडाले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. शुद्ध की उपयोजित यापेक्षा शिकवणारे कसे आहेत, याला मी जास्त महत्त्व देईन.

इथे वडील मंडळींना एक गोष्ट बजावून सांगायची आहे. क्वांट होणे आणि मोबाइलवर ऑप्शनचा सट्टा खेळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला होता, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला होता. तेव्हा "पोरगं सारखं ऑप्शन खेळतंय, त्याला या लाइनला घालतो" असे कुणी म्हणू नये. त्याचा मोबाइल आधी काढून घ्यावा.

शिकायचे कुठे? कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केली. तिची संख्याशास्त्राची पदवी, बी.स्टॅट., १९६० पासून चालू आहे. गणिताची पदवी, बी.मॅथ., बंगळूरच्या केंद्रात मिळते. चेन्नईच्या गणित संस्थेत गणित आणि संगणकशास्त्र यांची जोडपदवी आहे. या दोन्ही ठिकाणी प्रवेशपरीक्षा स्वतःची असते आणि तीत गुणांच्या शर्यतीपेक्षा विचार पाहतात. पुण्याची आयसर संस्था २००६ पासून आहे, तिथेही गणित चांगले शिकवतात.

आणि हे काही जमले नाही, तर जिल्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करणे हा काही पराभव नव्हे, बरं का. तिथून 'जॅम' नावाची परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जाता येते, मुंबईच्या आय.आय.टी.त संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. पुणे विद्यापीठात १९५३ पासून गणित व संख्याशास्त्र विभाग उभा केला तो वसंत शंकर हुजूरबाजार यांनी, आणि ते मूळचे कोल्हापूरचे. कॉलेजातले शिक्षण तोकडे वाटले, तर एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग ज्या 'माधव गणित स्पर्धे'च्या आयोजनात असतो, ती पदवीच्या मुलांसाठीच आहे. उन्हाळ्यात होणारा एम.टी.टी.एस. हा गणिताचा प्रशिक्षणवर्ग १९९३ पासून चालत आला आहे. छोट्या गावच्या विद्यार्थ्याने या दोन नावांची चिठ्ठी जपून ठेवावी.

महागड्या माहितीपत्रकाचे काय करायचे? वडिलांनी कॉलेजात जाऊन एवढेच विचारावे, की रिअल अॅनालिसिस किती सत्रे शिकवता? संभाव्यता कोण शिकवतो आणि त्याचे स्वतःचे शिक्षण काय? मागल्या तीन वर्षांची मुले पुढे नेमकी कुठे गेली? उत्तराऐवजी वातानुकूलित वर्ग दाखवू लागले, तर चहा घेऊन परत यावे. रान गहाण टाकायचे कारण नाही.

नोकरीचे म्हणाल, तर वर्तमानपत्रांत पगाराचे जे आकडे झळकतात, ते फार थोड्या जागांचे. त्या जागा सगळ्यांना मिळत नाहीत. पण पदवी वाया जात नाही. विमागणिती व्हायचे असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ अॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत. पीकविम्यात आपण खरिपाला शेकडा दोन आणि रब्बीला दीड हप्ता भरतो. पण विमा कंपनीला प्रत्यक्षात किती हप्ता लागतो, हे ज्या गणिताने ठरते तेच हे गणित. बाकीचे सरकार भरते. पावसाच्या नोंदी आणि कापणी प्रयोगांचे आकडे समजणारा विमागणिती शेतकऱ्याच्या घरातून आला, तर वाईट काय? शिवाय भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, आणि रिझर्व्ह बँकही संख्याशास्त्राचे अधिकारी स्वतंत्रपणे निवडते.

शेवटी शिक्षकांना दोन व्यवहाराच्या गोष्टी. अकरावीला "गणित नको, जीवशास्त्र पुरे" असे म्हणणाऱ्या हुशार मुलाला सही करण्यापूर्वी एकदा थांबवा. बारावीला गणित नसेल तर वरच्या बहुतेक दारांना कुलूप लागते. वाणिज्य आणि कला शाखेतही गणित व संख्याशास्त्र हा विषय घेता येतो, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते.

दुसरी गोष्ट तारखांची. कोलकाता आणि चेन्नईचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मे महिन्यात होते. पेढे घेऊन आलेल्या मुलीला निकालाच्या दिवशी ही नावे सांगितली, तर वर्ष गेलेले असते. तेव्हा दिवाळीच्या सुटीपूर्वीच बारावीच्या वर्गात या दोन संस्थांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहावी, जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घ्याव्या आणि आठवड्याला एक प्रश्न मुलांपुढे टाकावा. प्रश्न अवघड असतात. गुरुजींना स्वतःला सुटला नाही, तर तसे मुलांना सांगावे आणि त्यांच्याबरोबर बाकावर बसून सोडवावा.